ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या नळीत कुठे बसवावा?

सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या जोडाच्या पुढे, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, ही मुख्य ऑक्सिजन सेन्सरची जागा. टर्बो असल्यास टर्बाइननंतर. कन्व्हर्टरमागचा दुसरा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो.

नळीच्या खालच्या अंगाला सेन्सर कधीही बसवू नये. गार नळीत धुरातल्या वाफेचे पाणी साचते आणि ते तापलेल्या सिरॅमिकवर उडाले की तडा जातो. म्हणून टोक खाली झुकलेले हवे, सेन्सर आडव्या रेषेपासून निदान 10 अंश वर. बहुतेकांना 18 मिमी व्यासाचे, 1.5 मिमी पिचचे आटे लागतात.

सेन्सरच्या आधी बारीक फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंधन कमी पडत असल्याचे खोटेच दिसते. गॅस्केट न तपासता सेन्सर बदलणे ही गॅरेजांची खर्चिक सवय आहे.