दूध दर: समितीने विचारलं तर आपला खर्च किती सांगाल?



एक प्रश्न सारखा येतो. सरकार दर जाहीर करतं, मग आपल्या पावतीवर तो का दिसत नाही?

पहिलं कारण साधं. जाहीर दर असतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला. त्याच्या खाली पॉइंट गेला की कपात होते. पावतीवर आधी दर नाही, हे दोन आकडे बघा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. उसाला एफआरपी आहे, ती १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली. दुधाला तसा कायदा नाही. जुलै २०२३ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये ठरवले. दुग्धव्यवसाय विकास आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, दर तीन महिन्यांनी दराचा आढावा घ्यायचं ठरलं. नोव्हेंबर येईपर्यंत अनेक ठिकाणी दर २५-२७ वर आला होता.

मग अनुदान आलं. जानेवारी २०२४ मध्ये डेअरीने २७ द्यायचे, सरकारचे ५. जुलै २०२४ पासून ३० अधिक ५. ऑक्टोबर २०२४ पासून २८ अधिक ७. शेवटचे दोन आकडे नीट बघा. बेरीज दोन्ही वेळा ३५ च, पण डेअरीचा वाटा २ रुपयांनी कमी झाला. अनुदान थांबलं की आपण ३० वरून नाही, २८ वरून बोलणी सुरू करतो. शिवाय ज्यांच्या जनावराच्या कानात टॅग नव्हता किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं, ते अडकले. म्हशीचं दूध तर यात नव्हतंच.

आता इथली, म्हणजे गोवंडीच्या बाजूची गोष्ट. मुंबईत तबेल्यांच्या सुट्ट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर त्यांची संघटना, मुंबई मिल्क प्रोड्युसर्स असोसिएशन, स्वतः ठरवते. १ मार्च २०२३ पासून त्यांनी तो ८० वरून ८५ रुपये केला. कारण सांगितलं: चुनी, दाणा, गवत महागलं. त्यांचं गिऱ्हाईक दारात आहे, आपलं नाही, हे खरं. पण ते खर्च पुढे ठेवून बोलतात. आपण "परवडत नाही" एवढंच बोलतो, आणि त्यावर कोणतीही समिती दर ठरवू शकत नाही.

म्हणून हिशोब. खालचे आकडे फक्त नमुना आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा गाय रोज सरासरी १२ लिटर देते.
पेंड ५ किलो × ३० = १५०
हिरवा चारा २० किलो × ३ = ६०
कडबा ५ किलो × ८ = ४०
मिनरल मिक्श्चर, डॉक्टर, किरकोळ = २०
घरच्या माणसांची मजुरी = ८०
एकूण ३५० रुपये. लिटरला साधारण २९.

बरेच जण इथेच थांबतात. पण गाय वर्षभर दूध देत नाही. ३०५ दिवस दुधात, ६० दिवस भाकड. भाकड काळात रोज २०० धरले तर १२,००० रुपये वाढले. वर्षाचा खर्च १,१८,७५०, दूध ३,६६० लिटर. लिटरला ३२ रुपये ४५ पैसे! गाय उशिरा गाभण राहिली तर आकडा अजून वर. शेणखताचे पैसे येत असतील तर ते वजा करा, लपवू नका, नाहीतर समोरचा पूर्ण हिशोबच खोटा म्हणेल.

आणि घरच्या बाईची मजुरी शून्य लिहू नका. धार, झाडलोट, चारा, यातलं बरंचसं तीच करते.

या महिन्यापासून दोन कामं करा. संकलन केंद्राच्या सगळ्या पावत्यांचा फोटो काढून ठेवा, फॅट-एसएनएफ वाचता आलं पाहिजे. आणि वहीत रोजचा चारा-पेंड लिहा, एका गाईचा लिहिला तरी चालेल. महिनाअखेर वहीच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. सगळ्यांची सरासरी काढून कंपनीच्या लेटरहेडवर आयुक्तालयाला निवेदन देऊ. टॅग राहिला असेल तर तोही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आत्ताच मारून घ्या.