आपलें सुप्त मन व रुळांवरील पाऊल

चर्नी रोड स्टेशनालगतच्या गिरगांवांतील एखाद्या चाळींत गांवाकडील पाहुणा मुक्कामास आला, म्हणजे पहिल्या रात्रीं त्यास धड झोंप लागत नाहीं. पहाटेची लोकल धडधडत गेली कीं तो दचकून उठून बसतो. त्याच खोलींत यजमानांचें कुटुंब मात्र निश्चिंत झोंपलेलें असतें. परंतु पाळण्यांतील तान्हें मूल नुसतें कुरकुरलें, तरी त्याची आई तत्काळ जागी होते. गाडीचा आवाज केवढा, मुलाचा केवढा! मग मोठ्या आवाजास दाराबाहेर ठेवून लहान आवाजास आंत घेण्याची ही निवड कोणी केली? आई तर झोंपेंत होती. तिनें विचार केला नाहीं. तरीहि निवड झाली.

अशी निवड करणाऱ्या मनाच्या भागास आपण ह्या लेखांत सुप्त मन म्हणूं. ‘सुप्त’ ह्या शब्दानें मात्र फसूं नये. हें मन झोंपलेलें नसतें. तें अहोरात्र राबत असतें. फक्त त्याच्या कामाची वर्दी आपणांस मिळत नाहीं. दडपलेल्या इच्छांविषयीं फ्रॉइड ह्यानें जें विवेचन केलें, तो विषय निराळा आहे. त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा विषय साधा व रोजचा आहे. आपण जें पाहतों, ऐकतों व ठरवितों, त्यांतील किती भाग आपल्या नकळत आधींच ठरून गेलेला असतो, आणि ही गोष्ट न ओळखल्यास प्राणावर कशी बेतते, एवढेंच आपणांस पहावयाचें आहे.

हेल्महोल्ट्झ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें दृष्टिशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो सन १८६७ मध्यें पुरा झाला. त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, डोळा मनास केवळ अपुऱ्या खुणा पुरवितो. त्या खुणांवरून समोर काय असावें ह्याचें अनुमान मन करतें. तें अनुमान इतकें झटपट व नकळत होतें कीं, आपणांस तें अनुमान वाटतच नाहीं, प्रत्यक्ष दर्शन वाटतें. ह्याचा पडताळा विद्यार्थ्यांनीं आपल्या निबंधाच्या वहींत पहावा. एखादें अक्षर लिहावयाचें राहिलेलें असतें. आपण तें पान तीन वेळां वाचतों, तरी चूक दिसत नाहीं. गुरुजींस मात्र ती पहिल्याच नजरेंत दिसते. कारण आपण कागदावरचा शब्द वाचीत नसतों. मनांत असलेला शब्द कागदावर पहात असतों.

ह्यावरून सुप्त मनास दोष देऊं नये. त्याच्यावांचून आपला एक दिवसहि निभणार नाहीं. परळ-लालबागच्या गिरण्यांतून १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपापूर्वीं साचेखात्यांत काम केलेले वृद्ध गृहस्थ अजूनहि भेटतात. साच्यांचा खडखडाट असा कीं, शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर ओठांच्या व हातांच्या खुणांवर भिस्त. तरीहि आपल्या साच्याचा आवाज किंचित् बदलला कीं विणकराचें लक्ष आपोआप तिकडे जाई. गोंगाटांतून कामाचें तेवढें वेंचून काढण्याची ही कला वर्षानुवर्षांच्या संवयीनें सुप्त मनास साधलेली असते. असा सेवक घरांत असणें हें भाग्यच होय. परंतु सेवक कितीहि विश्वासू असला, तरी तो कोठें चुकतो हें धन्यास ठाऊक असावें.

तो कसा चुकूं शकतो, ह्याचें एक दुःखद उदाहरण ह्याच परळांत घडलें. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळीं साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. परळ व एल्फिन्स्टन रोड हीं दोन स्टेशनें जोडणाऱ्या पादचारी पुलावर व त्याच्या जिन्यावर पावसापासून आडोसा घेणारे लोक थांबले होते, आणि प्रत्येक गाडीगणिक मागून नवी गर्दी येत होती. त्यांत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें रेल्वेच्या चौकशींत एका जखमीच्या जबानींतून असें पुढें आलें कीं, एका फूलवाल्याचीं फुलें खालीं पडलीं, ‘फूल गिर गया’ असा शब्द उठला, आणि लोकांनीं तो ‘पुल गिर गया’ असा ऐकला.

त्या दुर्दैवी माणसांस कोणीहि बोल लावूं नये. पूल अरुंद होता, गर्दी अपार होती व पाऊस अवेळीं आला होता. खरें कारण तेंच. लष्कराच्या अभियंत्यांनीं उभारलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्यें तेथें खुला झाला, आणि त्याच वर्षीं स्टेशनाचें नांवहि प्रभादेवी झालें. आपणांस त्या प्रसंगापासून एवढेंच शिकावयाचें आहे कीं, ‘फ’ आणि ‘प’ ह्यांतील अंतर फुंकरीएवढें आहे. त्या अर्धवट ऐकूं आलेल्या शब्दाची उरलेली बाजू मनानें भरून काढली, आणि ती भीतीनें भरली. दाटलेल्या पुलावर उभ्या असलेल्या माणसास फुलाची वार्ता कशी सुचावी? त्या क्षणीं त्यांच्या जागीं आपण असतों, तर आपणांसहि तेंच ऐकूं आलें असतें.

जें कानाचें, तेंच डोळ्याचें. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर सन २०२३ मध्यें अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतील सर्वांत मोठा वांटा रूळ ओलांडणाऱ्यांचा होता. हीं सारीं माणसें आंधळीं नव्हतीं, बेफिकीरहि नव्हतीं. त्यांतील पुष्कळांनीं गाडी येतांना पाहिली असली पाहिजे. मग चूक कोठें झाली?

प्रथम थोडें गणित करूं. ताशीं ७२ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास २० मीटर चालते. ती ४०० मीटरांवर असतां जेवढी दिसते, त्याच्या दुप्पट ती २०० मीटरांवर दिसते. ह्यास १० सेकंद लागतात. पुन्हा दुप्पट होण्यास, म्हणजे १०० मीटरांवर येण्यास, ५ सेकंद. आणि त्यापुढें ५० मीटरांवर येण्यास अवघे अडीच सेकंद. तेथून आपल्यापर्यंत येण्यास आणखी अडीच सेकंद. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब वहींत आंखून पहावा. गाडीचा वेग आरंभापासून शेवटपर्यंत एकच आहे. परंतु समोरून पाहणाऱ्याच्या डोळ्यास ती बराच वेळ जागच्या जागीं उभी असल्यासारखी दिसते, आणि मग एकाएकीं अंगावर येते. ह्यांत भर अशी कीं, मोठी वस्तु आपणांस तिच्या खऱ्या वेगाहून सावकाश चालत आहेसें वाटतें. उतरणारें अवाढव्य विमान जणूं तरंगत येत आहेसें दिसतें, तें ह्याचमुळें. रेल्वेच्या फाटकांवरील अपघातांस हा दृष्टिभ्रम कारण होत असावा, हें लायबोविट्झ नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें सन १९८५ मध्यें मांडलें. म्हणजे रुळांशीं उभा असलेला मनुष्य ‘अजून वेळ आहे’ असें जें म्हणतो, तें त्यानें मोजलेलें नसतें. सुप्त मनानें त्यास तसें आयतें कळविलेलें असतें.

हीच गोष्ट ध्यानीं घेऊन सन २०१० च्या सुमारास दादर-परळच्या पूर्वेस असलेल्या वडाळा येथें एक प्रयोग करण्यांत आला. मध्य रेल्वेच्या सहकार्यानें मुंबईच्याच ‘फायनलमाईल’ ह्या संस्थेनें तो केला. त्यांत तीन साधे उपाय योजिले होते. पहिला, रुळांखालील कांहीं स्लीपर ठराविक अंतरानें पिवळे रंगविले. गाडी ते पिवळे पट्टे एकामागून एक गिळीत येऊं लागली, म्हणजे तिचा खरा वेग डोळ्यास उमगावा हा हेतु. दुसरा, एक लांबलचक भोंगा वाजविण्याऐवजीं, मध्यें थोडी शांतता ठेवून दोन तुटक भोंगे वाजवावयाचे. सारखा चालणारा आवाज कान सोडून देतात. आवाज तुटला कीं मन जागें होतें. पंखा बंद पडतांच झोंपलेला मनुष्य जागा होतो, हा आपला नेहमींचाच अनुभव. तिसरा, ‘रूळ ओलांडूं नका’ अशा कोरड्या पाटीच्या जागीं, गाडीखालीं सांपडत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील भय दाखविणारीं तीन छायाचित्रें लावलीं. पाटी बुद्धीस समजते, परंतु पाऊल बुद्धि उचलीत नाहीं. भेदरलेला मानवी चेहरा मात्र सुप्त मनास थेट भिडतो.

त्यानंतर त्या जागेवरील मृत्यूंची संख्या लक्षांत येण्याइतकी घटली. एका जागेच्या प्रयोगावरून सर्व शहराविषयीं सिद्धांत बांधूं नये, हें आम्ही जाणतों. तरीहि त्यांत एक मोठें तत्त्व आहे. त्या मंडळींनीं लोकांस मूर्ख म्हटलें नाहीं कीं लांब उपदेश केला नाहीं. मन कोठें फसतें हें ओळखून त्यांनीं त्याच जागीं त्यास हात दिला.

आतां प्रश्न असा कीं, जेथें पिवळे पट्टे नाहींत व भयाचें चित्र नाहीं, तेथें आपण काय करावें? ‘नीट पाहून ओलांडावें’ हें उत्तर अपुरें आहे. कारण नीट पाहणाराच डोळा येथें फसतो. त्यांतून घाईची वेळ, परीक्षेचा दिवस, समोरच्या फलाटावर लागलेली गाडी, आणि पुढें चाललेले दहा लोक! अशा वेळीं आपण विचार करून ठरविलें असें वाटतें, परंतु निर्णय केव्हांच झालेला असतो. विचार मागाहून त्याचें समर्थन तेवढें करतो. शिवाय आजवर शंभर वेळां आपण सुखरूप पार झालों, हा दाखला सुप्त मन पुढें करतें. शंभर वेळां गाडी आली नव्हती, ह्या गोष्टीची नोंद त्याच्या वहींत नसते.

म्हणून हा निर्णय रुळांपाशीं घ्यावयाचाच नाहीं. तो आदल्या रात्रीं घरीं, शांत चित्तानें घेऊन ठेवावा: आम्ही पुलावरूनच जाऊं; गाडी चुकली तर चुकली. जो प्रश्न आधींच सुटलेला आहे, त्यावर घाईच्या क्षणीं मनास कौल मागण्याचें कारण उरत नाहीं. कांहीं दिवस हा नेम कष्टाचा वाटेल. पुढें पाय आपण होऊन जिन्याकडे वळूं लागतील. म्हणजे जें सुप्त मन काल धोक्याकडे नेत होतें, तेंच आज रखवालदार होईल. निबंधाच्या वहीसहि हीच युक्ति लागू आहे. लिहिलेला निबंध एक रात्र बाजूस ठेवून सकाळीं मोठ्यानें वाचावा. चुका आपण होऊन समोर येतील. अर्धवट ऐकलेल्या वार्तेसहि तोच नेम लावावा. ती दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं एकदां तरी विचारावें, ‘काय म्हणालांत?’

पालकांसहि आमची एक नम्र विनंती आहे. मुलाचें सुप्त मन आपल्या बोलण्यापेक्षां आपल्या पावलांकडून अधिक शिकतें. ‘रूळ ओलांडूं नकोस’ असें शंभर वेळां सांगितलेलें एके दिवशीं पुसलें जातें; ज्या दिवशीं आपण उशीर झाला म्हणून मुलाचा हात धरून त्यास रुळांवरून नेतों, त्या दिवशीं. पूल रुंद व पुरेसे असावेत हें प्रशासनाचें कर्तव्य आहे, आणि तें मागण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. परंतु मुलाच्या हातांतील आपला हात कोणत्या वाटेनें जातो, हें सर्वस्वीं आपल्याकडे आहे.

उद्यां सकाळीं स्टेशनावर जातांना आपलें पाऊल जिन्याकडे वळतें कीं रुळांकडे, एवढेंच प्रत्येकानें पहावें. जिन्यास पांच मिनिटें अधिक लागतील. तीं खुशाल लागूं द्यावीं.