चौकटी मोज, मग लूप लिही

पॅटर्नचे प्रोग्राम पाठ करायला बसली आहेस ना? थांब गं, आधी ती वही मीट. स्टारनं 'ए' काढायचा एक प्रोग्राम, 'बी' काढायचा दुसरा, असे सव्वीस प्रोग्राम डोक्यात कोंबायला गेलं तर कुणाचंही डोकं गरगरेल. खरं सांगू का, प्रोग्राम एकच आहे. एकात एक दोन फॉर लूप, आत एक इफ, एक एल्स. अक्षर बदललं की इफच्या कंसातली अट बदलते. बाकी सगळं जिथल्या तिथे.

तू अडतेस ती जागा वेगळीच आहे. हातानं 'एन' काढताना आपण आधी एक उभी रेघ ओढतो, मग तिरपी, मग दुसरी उभी. पीएचपीला तसं करता येत नाही. एको केलेलं अक्षर उमटलं की उमटलं, मागे वळून त्याच्या वर काही लिहिता येत नाही. दुसुतीवर नमुना ओळीओळीनं भरत जावा तसं त्याचं काम. पहिल्या ओळीतलं एकेक घर बघायचं, इथे फुली की मोकळं एवढं ठरवायचं, ओळ संपली की खालच्या ओळीवर. बाहेरचा लूप ओळ धरून ठेवतो आणि आतला लूप त्या ओळीतली सगळी घरं फिरून येतो. पाच ओळी आणि पाच रकाने असतील तर तोच एक प्रश्न पंचवीस वेळा विचारला जातो. बस, एवढंच.

म्हणून संगणक सुरू करायच्या आधी चौकटीची वही घे. पाच बाय पाचची चौकट आख, वरून रकान्यांना ० ते ४ आकडे दे, डावीकडून ओळींनाही ० ते ४ दे, आणि अक्षर पेन्सिलीनं भर. हा बघ 'एन', मोकळ्या घरात मी टिंब दिलंय:

* . . . *
* * . . *
* . * . *
* . . * *
* . . . *

आता रेघा मोज. डावी उभी रेघ म्हणजे रकाना ०. उजवी म्हणजे रकाना ४. तिरपीची घरं बोट ठेवून वाच: ओळ १ रकाना १, ओळ २ रकाना २, ओळ ३ रकाना ३. दोन्ही आकडे सारखे! म्हणजे तिसरी अट झाली:

$ओळ == $रकाना

हो, पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. परीक्षेत आय आणि जे लिही, पण घरी सराव करताना ही नावं ठेवून बघ, कुठला लूप काय करतो ते डोळ्यांपुढे राहतं. तिन्ही अटी || नं जोडल्या की 'एन' तयार. 'झेड'ची तिरपी उलटी जाते, तिथे घराघरातल्या आकड्यांची बेरीज कर. ओळ १ रकाना ३, ओळ २ रकाना २, ओळ ३ रकाना १. प्रत्येक वेळी ४. बेरीज ४ असेल तिथे स्टार, शिवाय ओळ ० आणि ओळ ४ पूर्ण. या दोन तिरप्या कळल्या की 'एक्स' आपोआप सुटतो, आणि 'एम'ला दोन उभ्या रेघांसोबत तिरप्या फक्त ओळ २ पर्यंत थांबवायच्या.

एल्सला मात्र कधी गाळू नकोस. मोकळ्या घरातही जागा छापावीच लागते, नाहीतर सगळे स्टार डावीकडे सरकून एकमेकांना चिकटतात. आणि ओळ बदलायचा एको आतल्या लूपच्या महिरपी कंसाबाहेर, पण बाहेरच्या लूपच्या कंसाच्या आत. तो चुकून आत गेला की अख्खं अक्षर एकाच उभ्या रांगेत खाली घसरतं.

आता तुझी खरी रडकथा. "ताई, कोड बरोबर आहे तरी अक्षर वाकडं येतंय." येणारच गं. ब्राउझर ओळीनं आलेल्या कितीही मोकळ्या जागा एकच करून दाखवतो, आणि नवी ओळही त्याच्या लेखी एक जागाच. व्ह्यू सोर्स उघडून बघ, तिथे तुझा 'एन' सरळ उभा असेल. दोन्ही लूपच्या आधी प्री टॅग उघड, शेवटी बंद कर. मग जागा जपल्या जातात आणि प्रत्येक चिन्हाला सारखीच रुंदी मिळते. नव्या ओळीची खूण दुहेरी अवतरणात दे. एकेरीत दिलीस तर ओळ बदलणार नाही, ती खूणच पडद्यावर छापली जाईल. आणि फाइल डबल क्लिक करून उघडू नकोस, झॅम्पच्या एचटीडॉक्समध्ये ठेवून लोकलहोस्टवरून चालव. पीएचपी सर्व्हरवर चालतं, ब्राउझरला ते वाचता येत नाही.

स्टारऐवजी अक्षरांचाच त्रिकोण विचारला, पहिल्या ओळीत 'ए', दुसरीत 'ए बी', तर आतला लूप बाहेरच्याच आकड्यापर्यंत चालव आणि ६५ मध्ये आतल्या लूपचा आकडा मिळवून सीएचआर फंक्शनला दे. अ‍ॅस्कीत मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आणि 'झेड'चा ९०. लूप थेट 'ए'पासून "झेडपेक्षा लहान किंवा समान" असा चालवायचा मोह होईल, तो टाळ. पीएचपीत 'झेड'ला ++ लावलं की 'एए' येतं, आणि शब्दकोशाच्या क्रमानं 'एए' हे 'झेड'च्या आधीच. त्यामुळे लूप थांबत नाही, थेट 'वायझेड'पर्यंत पळतो आणि २६ ऐवजी ६७६ नोंदी छापतो. पडदा भरून वाहिला तर घाबरू नकोस, कारण आता तुला माहीत आहे. आकड्यांवर लूप चालव, नाहीतर रेंज फंक्शनकडून सव्वीस अक्षरं मागून घे.

"याचा उपयोग काय?" असं तू मनात म्हणतेयस, मला ऐकू येतंय. बघ, वेबपानावरचा कुठलाही तक्ता असाच बनतो. बाहेरचा लूप टीआर, आतला टीडी. कॅलेंडरचं पान घे, बाहेर आठवडे, आत वार, आणि महिना बुधवारी सुरू होत असेल तर आधीची घरं मोकळी सोडायला तोच एल्स. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीतच लिहिलेलं आहे.

आता 'एस' घे, तोच तुला सगळ्यात अवघड वाटतो ना? ओळी ०, २ आणि ४ पूर्ण भर. उरल्या दोन घरांच्या अटी: ओळ १ && रकाना ०, ओळ ३ && रकाना ४. पीएचपी && आधी बघतं आणि || नंतर, तरी प्रत्येक जोडीला स्वतंत्र कंस घाल, वाचताना डोळ्यांना बरं पडतं. आणि समान दाखवायला दोन चिन्हं, एक नाही. एकानं तुलना होत नाही, ओळीची किंमतच बदलते आणि लूप भरकटतो. चौकट आधी वहीत आख हं, मगच कीबोर्डला हात लाव.