न दिलेले घेणे

पंचशीलातील दुसरे शील आपण वंदनेत रोज उच्चारतो: जे दिलेले नाही ते घेणार नाही. भीतीपोटी काढून दिलेला पैसा हा दिलेला नव्हेच. म्हणून आम्ही लाचेला चोरीच मानतो. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सरकारी खात्यांतील लाचखोरी आणि अविद्या यांचे नाते दाखविले. लकडगंजातील आरामशीनवर राबणारा मजूर आजही पोलीस ठाण्याची पायरी चढताना खिसा चाचपतो, कारण आपला हक्क त्याला ठाऊक नसतो.

दखलपात्र गुन्ह्याची नोंद घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र सक्तीने द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्यास संरक्षण आहे. मागणी होताच, पैसे देण्यापूर्वीच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ वर कळवावे, हे उत्तम.

बाबासाहेबांनी शिक्षणास संघटनेची जोड दिली. एकट्या मजुरासोबत आमचा एखादा माजी विद्यार्थी ठाण्यात गेला, तर मागणारा हात आखडतो. आणि आमचे जे विद्यार्थी आज वर्दीत आहेत, त्यांनी वसतिगृहात घेतलेले हे शील ठाण्यातही पाळावे.