चोवीस वर्षांची विनवणी

बर्लिन शहरांत राइखस्टाग नांवाची एक प्रचंड दगडी इमारत आहे. जर्मन लोकप्रतिनिधींच्या सभेसाठीं ती १८९४ सालीं बांधून पुरी झाली. १९३३ सालीं तिला आग लागली, १९४५ सालीं तिच्यावर तोफांचा भडिमार झाला, आणि पुढें शहराची वांटणी झाली तेव्हां ती सरहद्दीस खेटून उभी राहिली. हीच इमारत १९९५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस लोकांनीं नखशिखांत वस्त्रांत गुंडाळलेली पाहिली. तिला १,००,००० चौरस मीटर रुपेरी कापड आणि १५.६ किलोमीटर निळा दोर लागला. नव्वद कसलेले गिर्यारोहक दोराला लोंबकळत छपरावरून कापड खालीं सोडीत होते. लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणें त्याच्या उभ्या घड्या पडल्या होत्या, आणि वारा सुटला कीं ती दगडी इमारत श्वास घेत आहे असा भास होई. चौदा दिवसांनीं सर्व कांहीं उतरविण्यांत आलें. तेवढ्या अवधींत सुमारें ५० लाख लोक तेथें येऊन गेले.

हें कोणीं केलें व कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतील. याचा खर्च कोणीं सोसला, असें त्यांचे वडील त्याच्याही आधीं विचारतील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

करणारीं दोघें पतिपत्नी होतीं. क्रिस्तो व झान-क्लोद हीं त्यांचीं नांवें. दोघांचा जन्म एकाच दिवशीं, ता. १३ जून १९३५ रोजीं झाला. क्रिस्तो यांचा बल्गेरियांतील गाब्रोवो गांवीं, तर झान-क्लोद यांचा मोरोक्कोंतील कासाब्लांका शहरीं. क्रिस्तो सोफिया येथील कलाशाळेंत शिकत असतां तेथील साम्यवादी सरकार विद्यार्थ्यांस सुटीच्या दिवशीं खेड्यांत पाठवी. ओरिएंट एक्सप्रेस गाडीनें जाणाऱ्या परदेशी उतारूंस देश संपन्न दिसावा म्हणून लोहमार्गालगतच्या शेतकऱ्यांनीं गवताच्या गंजी व यंत्रें कशीं मांडावीं, हें त्यांनीं समजावून द्यावयाचें! तो देखावा खोटा होता. पण अनोळखी माणसाच्या दारांत उभें राहून त्याच्याशीं बोलण्याची संवय त्यांस तेथेंच लागली असावी, असें आम्हांस वाटतें. १९५७ सालीं ते मालगाडींत लपून प्रागहून व्हिएन्नास निसटले. पुढच्या वर्षीं पॅरिसमध्यें पोटासाठीं लोकांचीं चित्रें काढीत असतां ते एका बाईंचें चित्र काढावयास गेले. त्या बाई म्हणजे झान-क्लोद यांच्या मातुःश्री. १९६४ पासून या दांपत्यानें न्यूयॉर्क येथें कायमचें बिऱ्हाड केलें.

खर्चाच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. त्यांनीं कोणाची देणगी घेतली नाहीं, कीं पाहणारांस तिकीट लावलें नाहीं. क्रिस्तो नियोजित कामाचीं रेखाचित्रें तयार करीत. झान-क्लोद त्यांची विक्री व सर्व हिशेब पाहत. आणि त्या पैशांतून कापडाची किंमत व कामगारांची मजुरी भागे. काम एकदां उभें राहिलें कीं क्रिस्तो त्याचें चित्र पुन्हां काढीत नसत. हेतूविषयीं विचारल्यास आनंद व सौंदर्य यांपलीकडे आपला कांहीं हेतु नाहीं, असें तीं दोघें सरळ सांगत.

खरें अवघड काम शिवणाचें किंवा दोर बांधण्याचें नव्हतें. तें होतें परवानगी मिळविण्याचें. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांनीं १८ फूट उंच व साडेचोवीस मैल लांब असें पांढऱ्या नायलॉनचें 'धावतें कुंपण' उभारलें. तें टेकड्यांवरून चढत-उतरत थेट समुद्रांत शिरत होतें. वाटेंतील जमिनी ५९ पशुपालकांच्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून या दोघांनीं एकेकाचें मन वळविलें. शिवाय १८ जाहीर सुनावण्या झाल्या, न्यायालयाची पायरी तीन वेळां चढावी लागली, आणि ४५० पृष्ठांचा अहवाल तयार करावा लागला. चौदा दिवसांत जें नाहींसें होणार त्यास कला कां म्हणावें, असा विरोधकांचा आक्षेप होता. त्यावर एका पशुपालकाची पत्नी सभेंत उठून म्हणाली कीं, मी कधीं कधीं फार खपून स्वयंपाक करतें, माझ्या मतें ती कलाच असते, आणि ती तर जेवून संपून जाते! त्या साऱ्या वादांत याहून नेमकें उत्तर कोणा वकिलानें दिलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

राइखस्टागची कथा याहून लांब. ती कल्पना १९७१ सालची. १९७७, १९८१ व १९८७ अशी तीन वेळां परवानगी नाकारण्यांत आली. दोघें पुनःपुन्हां जर्मनीस जाऊन प्रतिनिधींच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिलीं. अखेर ता. २५ फेब्रुवारी १९९४ रोजीं खुद्द लोकसभेंत या विषयावर वादविवाद होऊन मतें घेण्यांत आलीं. राष्ट्राच्या इतिहासाची साक्षीदार असलेली वास्तु हा खेळ करण्याचा विषय नव्हे, असें विरोधकांचें म्हणणें होतें; चॅन्सेलर हेल्मुट कोल हेही विरुद्ध होते. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि २९२ मतें अनुकूल पडलीं, २२३ प्रतिकूल, आणि ९ जण तटस्थ राहिले. चौदा दिवसांच्या कामासाठीं चोवीस वर्षांची विनवणी!

त्यांच्या कीर्तीस एक दुःखाची किनारही आहे. १९९१ सालीं त्यांनीं जपानमध्यें १,३४० निळ्या व कॅलिफोर्नियांत १,७६० पिवळ्या अशा अजस्र छत्र्या एकाच वेळीं उघडल्या. कॅलिफोर्नियांत सोसाट्याच्या वाऱ्यानें एक छत्री उन्मळून एका स्त्रीचा मृत्यु झाला. क्रिस्तो यांनीं तत्काळ दोन्ही देशांतील छत्र्या मिटविण्यास सांगितलें. पण त्या काढतांना जपानमध्यें एक कामगार विजेच्या तारेच्या धक्क्यानें दगावला. कापड उतरवून जागा पूर्ववत् करतां येते. हे दोन जीव मात्र परत आले नाहींत, आणि ही गोष्ट सांगतांना तें वगळणें योग्य होणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. १९९४ पर्यंत या सर्व कामांवर एकट्या क्रिस्तो यांचेंच नांव असे. रेखाचित्रें त्यांच्या हातचीं होतीं हें खरें. परंतु उघड्यावरील प्रत्येक कामाचा विचार, वाटाघाट व व्यवस्था दोघांची होती. त्या वर्षीं त्यांनीं जाहीर केलें कीं, मागील व पुढील अशीं हीं सर्व मोठीं कामें दोघांच्या नांवें गणलीं जावीं. हा न्याय तीस वर्षें उशिरा झाला. दोघें विमानानें प्रवास करीत तेव्हां निरनिराळ्या विमानांतून जात. एकास अपघात झाला तरी दुसऱ्यानें काम पुरें करावें, असा त्यांचा ठराव होता.

अपघात झाला नाहीं. झान-क्लोद १९०९ नव्हे, २००९ सालच्या नोव्हेंबरांत निवर्तल्या. क्रिस्तो काम करीत राहिले. १९१६ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१६ सालीं, इटलींतील इझेओ सरोवरावर त्यांनीं तीन किलोमीटर लांबीची तरंगती वाट घातली आणि लोक तिच्यावरून चालत गेले. ता. ३१ मे २०२० रोजीं तेही वारले. पॅरिसची विजय-कमान गुंडाळण्याची कल्पना त्यांच्या तरुणपणची, १९६१-६२ च्या सुमाराची. ती २०२१ सालच्या सप्टेंबरांत सहकाऱ्यांनीं पुरी केली: २५,००० चौरस मीटर रुपेरी-निळें कापड व ३,००० मीटर तांबडा दोर. त्या कामावर दोघांचेंही नांव होतें. सोळा दिवसांनीं, ता. ३ ऑक्टोबर नंतर, कापड उतरविण्यास सुरुवात झाली.