जुनी पिकअप उभी करताना: सगळी एकदम उघडू नका

जुनी पिकअप घरी उभी करायला निघालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो: गाडी सगळी एकदम उघडू नका. रंग कोणता द्यायचा, इंजिन कुणाकडून बांधून घ्यायचे, टायर कोणते घालायचे हे प्रश्न लोक पहिल्याच दिवशी विचारतात. खरा निर्णय मात्र काय, किती आणि कोणत्या क्रमाने उघडायचे हा असतो. अंगणात, गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर ठेवलेल्या ज्या गाड्या शेवटी वजनावर भंगारात जातात, त्यांतल्या पुष्कळ गाड्या बिघाडामुळे जात नाहीत. सुट्या झाल्या म्हणून जातात. केबिन भिंतीला टेकलेली, हौदा उन्हात, गिअरबॉक्स मिस्त्रीकडे आणि नटबोल्ट एकाच पोत्यात, अशी अवस्था आली की पुढचे प्रत्येक काम दुसऱ्या कामासाठी अडून राहते. बंद पडलेली पण जोडलेली गाडी दुरुस्त करता येते. सुटी झालेली गाडी पुन्हा उभी करायला पैसा, जागा, आठवण आणि उत्साह ही चारही एकाच वेळी हाताशी लागतात, आणि घरी काम करणाऱ्याकडे ती फार दिवस एकत्र राहत नाहीत.

हा सल्ला हौस मोडायला दिलेला नाही. सोलापूरकराने ही हौस जरूर करावी असेच मला वाटते. ज्या वालचंद हिराचंदांनी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करून डॉज आणि फार्गो गाड्या देशात आणल्या, ते १८८२ मध्ये याच सोलापुरात जन्मले. १९६५ पासून महिंद्राने हलकी मालवाहू वाहने काढली, पुण्याहून बजाज टेम्पोची मॅटाडोर आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ आली. कारखान्यातून पेठेत चादरींचे गठ्ठे, सांगोल्याकडची डाळिंबे, डेअरीला दुधाचे कॅन, पंढरीच्या वाटेवर दिंडीचे सामान, हे सारे या गाड्यांनी वाहिले. देखण्या मोटारी संग्राहकांनी जपल्या. मालवाहू गाड्या मात्र राबराब राबल्या आणि वितळून गेल्या. म्हणून उरलेली प्रत्येक पिकअप जपण्याजोगी आहे, आणि म्हणूनच ती अर्धवट सोडून देणे हे तिला हातच न लावण्यापेक्षा वाईट.

क्रमात पहिला नंबर कागदांचा. पान्याला हात घालण्याआधी आरसी बुक, चासी नंबर आणि इंजिन नंबर ही तिन्ही समोरासमोर ठेवून पाहा. चासीवरचा ठोकलेला नंबर ग्रीस आणि रंगाच्या थराखाली असतो. तो डिझेलच्या बोळ्याने आणि मऊ ब्रशने उघडा करा, ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका, कारण घासून अस्पष्ट झालेला नंबर पुढे संशयाचा विषय होतो. आपल्याकडे पेट्रोलच्या असंख्य जीप आणि पिकअप पुढे डिझेलवर गेल्या. त्यामुळे पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाठ पडणे नवे नाही. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या संमतीने आधी नाव चढवावे लागते. कर्जाचा बोजा पुस्तकावर राहून गेला असेल आणि कर्ज देणारी पतसंस्थाच आता नसेल, तर तो उतरवायला रंगकामापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण लागते; मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता दाखला लागतो. थकलेला कर आणि दंड किती, हे एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन आधी कळून घ्या. जुनी नोंद संगणकावर चढलेली आहे का तेही तिथेच पाहा. गाडी सुटी करून बसल्यावर तपासणीसाठी ती दाखवता येत नाही, हे कागद आधी करण्याचे सरळ कारण आहे.

यावर कुणी म्हणेल, मला गाडी धंद्याला लावायची नाही, हौसेने ठेवायची आहे, मग कागद कशाला? पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अट अशी की वाहन मूळ रूपात हवे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. शिवाय हे नियम वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वाहनांसाठी आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यात बसेल असे गृहीत न धरता आधी विचारून घ्यावे. म्हणजे हौसेच्या गाडीलाही कागद सुटत नाहीत, उलट हौसेच्या गाडीचे मूळपण कायद्याच्या दृष्टीने जास्त मोलाचे ठरते. जी गाडी आपण ‘पूर्ण नवी’ करायला निघतो, तिची ही वाट आपणच बंद करत असतो.

दुसरा नंबर सांगाड्याचा, आणि हे काम गाडी न उघडता होते. सोलापूरची हवा कोरडी. कोकणातल्यासारखा खारा गंज इथे लागत नाही. पण काळ्या मातीचा चिखल चासीच्या पोकळ भागात, कमानपाट्यांच्या हँगरमागे आणि केबिनच्या पायदानात जाऊन बसतो, पावसाळाभर ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून चकचकीत दिसणारी चासी लहान हातोडीने टप्प्याटप्प्याने ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, आतून खाल्लेला भाग बद्द वाजतो. तिथे टोच्या दाबून पाहा; तो रुतला तर नुसत्या रंगाने भागणार नाही. दारे, मडगार्ड आणि केबिनचे कोपरे यांवरून पातळ फडक्यात गुंडाळलेला चुंबक फिरवा. जिथे चुंबकाची पकड सुटते तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे, किंवा पत्राच उरलेला नाही. एका दुपारच्या या तपासणीतून पुढचा सगळा खर्च ठरतो. गंज हौद्याच्या फरशीत आणि दारांत असेल तर काम घरचे आहे. तो चासीच्या मुख्य दांड्यांत किंवा स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे असेल, तर ती गाडी घरी घेऊच नये, किंवा घेतली तर ती जाणत्या कारखान्यातच न्यावी.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप इथेच येतो. चासी नीट साफ करायची तर केबिन आणि हौदा उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तुकड्यातुकड्याने केलेल्या कामात तोच बोल्ट दोनदा खोलावा लागतो. आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे आणि मी तो मान्य करतो: मेहनत काही ठिकाणी दुहेरी होते. पण पिकअपची रचनाच अशी की हौदा वेगळा आणि केबिन वेगळी. हौदा आधी उतरवला तर मागची अर्धी चासी, मागचा धुरा, पाटे आणि ब्रेकचे पाइप हाताशी येतात, आणि गाडी आपल्या चाकांवर ढकलता येते. तो भाग संपवून हौदा परत चढवला की मग पुढच्या भागाला हात घालावा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी जोडलेली असावी, हा नियम पाळला तर काम मध्येच थांबले तरी नुकसान होत नाही. आणि घरी काम थांबतेच. लग्न निघते, शेतीचा हंगाम येतो, आजारपण येते. दुहेरी मेहनतीची किंमत मोजता येते. सुट्या पडलेल्या गाडीची मोजता येत नाही. प्रत्येक जोड खोलण्याआधी फोटो काढणे, नटबोल्ट त्या-त्या भागाच्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवणे, पत्र्याचे फाटके तुकडेही नमुना म्हणून सांभाळणे, या सवयी याच नियमातून येतात.

तिसरा नंबर थांबण्याचा, चालण्याचा नंतर. लोक इंजिन आधी सुरू करतात, कारण आवाज ऐकला की हुरूप येतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या या गाड्यांत ब्रेकची एकच वाहिनी असायची. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि पाइप एका झटक्यात नवे करा, वाचवू नका. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. त्यानंतर इंधनाचा मार्ग. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, चिरतात आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळते. इथेनॉल सोसणारी होज बसवणे हा सुरक्षेचा खर्च आहे. तिसरा मार्ग पाण्याचा. इथले बोअरचे पाणी क्षारांचे, आणि उन्हाळ्याचा पारा चाळिशीच्या वर. ते पाणी रेडिएटरमध्ये घातले की नळ्यांत थर बसतो आणि मे महिन्यात इंजिन तापते. क्षारविरहित पाणी आणि कूलंट, एवढ्याने अर्धे दुखणे टळते.

इंजिनाबद्दल नेहमी ऐकू येणारे मत असे की जुने पार्ट मिळत नाहीत, तेव्हा सरळ नवे डिझेल इंजिन बसवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरबदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले. कायदा बाजूला ठेवला तरी जास्त ताकदीचे इंजिन जुन्या गिअरबॉक्सवर, जॉइंटवर आणि ब्रेकवर येते, आणि एक बदल दहा बदल मागतो. पार्ट मिळत नाहीत हेही अर्धेच खरे आहे. मुंबईच्या कुर्ल्यात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात धीराने शोधले तर बरेच काही सापडते, आणि जे सापडत नाही ते बनवून घेता येते. लूमचे सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या घडवणारे हे शहर आहे. जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा कारखाना इथे आहे. बुश, पिन, शॅकल लेथवर करून देणारा कारागीर सोलापुरात शोधावा लागत नाही, त्याला नेमका नमुना नेऊन द्यावा लागतो. फक्त इंजिनाची जात ओळखा. जुन्या जीपच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड उतरवून ग्राइंड केले म्हणजे व्हॉल्वचे काम झाले असे तिथे धरता येत नाही.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची रेघ माझ्या मते कौशल्याने ठरत नाही, चूक झाली तर काय होईल याने ठरते. गंज काढणे घरी करा. लहान लोखंडी भागांसाठी मळीचे पातळ द्रावण, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, उत्तम चालते. त्यात भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवला की गंज सुटतो आणि शाबूत लोखंड शाबूत राहते. अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग मात्र त्यात घालू नका, ते खाल्ले जातात. मळीच्या खरेदीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, तेव्हा ती रीतसरच मिळवा. पाटे सोडणे, वायरिंग नव्याने ओढणे, ब्रेकची जोडणी करून जाणत्याला दाखवणे, हेही घरचे. पण पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग कधीही नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आतली वाफ उरते आणि ठिणगी तिला पुरते. चासीच्या मुख्य दांड्याचे वेल्डिंग, अनेक तुकड्यांच्या रिमवर टायर चढवणे, ही कामेही बाहेरची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे कुणाचेच काम नाही. आधी भक्कम स्टँड, मग माणूस.

रंग शेवटी, आणि तोही घाईने नाही. रंग आधी दिला की घरच्यांना काम दिसते, हुरूप टिकतो, असे म्हणतात. टिकतो, पण पुढच्या प्रत्येक वेल्डिंगला तो जळतो आणि प्रत्येक पान्याला खरवडतो, मग तोच हुरूप जातो. मे महिन्यात इथे रंग पृष्ठभागावर पसरण्याआधीच सुकतो आणि वारा धूळ आणतो; पावसाळ्यात ओलीने चमक मरते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे. हार्डनर घातलेल्या दोन घटकांच्या रंगाचा फवारा साध्या कापडी मास्कने थांबत नाही आणि फुप्फुसाला कायमचा त्रास लावू शकतो. तो रंग हवाच असेल तर पेंट बूथ असलेल्या ठिकाणी द्यावा. जिथे मूळ रंग तग धरून आहे, तिथे तो ठेवावा असेच मी म्हणेन. कागद, सांगाडा, ब्रेक, इंधन, पाणी, इंजिन आणि मग रंग, या क्रमाने आणि दर टप्प्याला गाडी जोडलेली ठेवून जो चालेल, त्याला वेळ जास्त लागेल हे मी लपवत नाही. पण त्याची गाडी कुठल्याही टप्प्यावर गाडीच राहील, आणि घरी केलेल्या या कामात पदरात पाडून घेण्यासारखी दुसरी मोठी गोष्ट नाही.