गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका

वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. नेमका त्याच दिवसांत लग्नसराईचा माल गाडीत भरून आपल्याला गावोगाव फिरावे लागते. गाडी गरम झाली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, चिंता मिटली." आम्हीही हा सल्ला मानला होता. त्याची काय किंमत मोजावी लागली ते आधी सांगतो, मग उपाय.

आमचा तजरबा

2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. रिद्धपूरहून चांदूर बाजार, परतवाडा करीत धारणीला ईदचे कापड पोचवायचे होते. थर्मोस्टॅट आदल्या वर्षीच काढलेला असल्याने आम्ही निर्धास्त होतो. घटांगच्या घाटात भरलेली गाडी चढू लागली आणि काटा लाल खुणेवर गेला. थोडे अंतर आणखी रेटले, तेवढ्यात हेडचे गॅस्केट गेले. माल दुसऱ्या गाडीने पाठवावा लागला. तो पोचेपर्यंत धारणीच्या दुकानदारांनी बरीच खरेदी दुसरीकडून उरकली होती. इंजिनाचा खर्च वेगळा आणि पडून राहिलेल्या मालाचा तोटा वेगळा.

पुढे एका जाणत्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवून दाखविला. त्याच्या नळ्या क्षाराने निम्म्या बुजलेल्या होत्या आणि बाहेरच्या जाळीत धूळ व कापसाचे तंतू घट्ट बसले होते. खरा दोष तो होता. थर्मोस्टॅट काढल्याने तो दूर झाला नाही, फक्त वर्षभर झाकला गेला. थंडीत गाडीचे अ‍ॅव्हरेज का घटले होते, तेही तेव्हा कळले.

थर्मोस्टॅटचे काम काय?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. त्याच्या छोट्या डबीत विशिष्ट मेण असते. ठरलेल्या उष्णतेला मेण वितळून फुगते व झडप उघडते. पाणी थंड झाले की स्प्रिंग तिला पुन्हा बंद करते. रंगारी बांधवांना हे लवकर समजेल. हौदाचे पाणी कमी तापले तर रंग बसत नाही, जास्त तापले तर माल बिघडतो. इंजिनाचेही तसेच आहे. ते थंड चालले तर इंधन जास्त जाते, ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडर झिजतात.

दुसरी गोष्ट अशी की पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते. मग काही गरम पाणी रेडिएटरला न जाता थेट इंजिनात परतते, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

निवड कशी करावी?

1. थर्मोस्टॅटवर 82, 88 असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला झडप उघडू लागते. पूर्ण उघडायला आणखी 10 ते 15 अंश लागतात. कंपनीने दिलेला आकडाच घ्यावा.

2. "71 चा टाका, गाडी थंड राहील" यावर विसरून चालू नये. दुकान तासभर आधी उघडले म्हणून दुकानाची जागा वाढत नाही. झडप लवकर उघडली तरी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद रेडिएटर आणि पंख्याचीच असते. नव्या गाड्यांत तर कॉम्प्युटर इंजिन थंडच आहे असे समजून जास्त इंधन सोडतो.

3. बसविण्यापूर्वी तपासावे. भांड्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट व थर्मामीटर दोऱ्याने असे टांगावे की तळाला टेकणार नाहीत. पाणी तापवून झडप कोणत्या अंशाला हलते ते पाहावे. गार पाण्यात ती पूर्ण बंद झाली पाहिजे.

4. मेणाची डबी व स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र असल्यास ते वरच्या बाजूला ठेवावे. गॅस्केट नवे घ्यावे.

बाकीची व्यवस्था

पाणी : पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट या भागांत, विहिरी-बोअरचे पाणी खारे आहे. ते रेडिएटरमध्ये ओतले की नळ्यांत क्षार बसतो. डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मे-निम्मे, किंवा तयार मिसळलेले कूलंट वापरावे.

जाळी : जिनिंगच्या हंगामानंतर जाळी धुवावी. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेर आणि हलक्या दाबाने मारावी. जोराने पाती वाकतात.

झाकण : 0.9 दाबाचे झाकण ठीक असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर सैल झालेले झाकण शंभरालाच पाणी उडवते. वस्तू लहान आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

पट्टा, पंखा, वॉटर पंप, होज पाइप : उन्हाळ्यापूर्वी तपासावेत. पाणी बदलल्यावर आतली हवा पूर्ण काढावी.

रस्त्यात काटा वर गेला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि सावली पाहून थांबावे. तापलेले झाकण उघडू नये. वाफेने चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.

दोन शब्द शेवटी

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेजचे काम करतात. त्यांना विनंती की गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. पुर्जा काढून वेळ मारून नेण्यापेक्षा दोष कुठे आहे ते शोधून सांगा; गिऱ्हाईक आज कुरकुरेल, पण उद्या तुमच्याच दारी येईल. आणि व्यापारी बांधवांनी मिस्त्रीला "स्वस्तात भागवा" असे सांगणे सोडावे. आमच्या नुकसानीत त्या मिस्त्रीइतकाच आमच्या घाईचाही वाटा होता. तवक्कुल जरूर करावा, पण आधी उंट बांधावा अशी आपल्याला शिकवण आहे. उन्हाळ्यापूर्वी एक दिवस गाडीसाठी काढा. ईदचा माल ईदच्या आधी पोचेल, इन्शाअल्लाह.